लॅटिनमधली विटा

भावाने मुलीचं नाव ती जन्मायच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. विटा. कागदावर 'व्हिटा', पण आमच्या घरात तो 'व्ह' कुणाच्या तोंडात बसला नाही. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ जीवन. मराठीत याचा अर्थ ट्रकमधून उतरवतात त्या.

ही बातमी त्याने अंबरनाथला आमच्याकडे रविवारी जेवताना दिली. आई आमटी वाढत होती. तिने पळी तशीच हवेत धरून ठेवली.

"विटा?" ती म्हणाली. "आणि दुसरी झाली की रेती?"

"आई, लॅटिन आहे ते."

"असेल. शाळेतली पोरं लॅटिनमधून चिडवणार आहेत का?"

मी त्याला सांगितलं की सांगलीकडे या नावाचं अख्खं गाव आहे, एस.टी.वर पाटी लागते आणि लोक तिच्यामागे पिशव्या घेऊन धावतात. शिवाय माणसाला वीट येतो, कापडाचा रंग विटतो, आणि शेवटी एक 'ळ' जोडला तर काय होतं ते जेवताना बोलू नये.

"ताई, तू नावं ठेवू नकोस."

"बारशाला नाव आत्यानेच ठेवायचं असतं," मी म्हटलं. "मी सराव करतेय. अनेकवचनात."

सगळ्यांत जास्त भावजय हसली. ती बदलापूर गावातली. त्यांच्याकडे पाऊस संपला की नदीकडच्या अंगाला वीटभट्ट्या लागत, त्यामुळे विटांबद्दल तिला आमच्याइतका तिटकारा नव्हता. हसून झाल्यावर ती म्हणाली, "पण मला जीवन याच अर्थाचं हवंय. दुसऱ्या कुठल्या अर्थाचं नको." तिच्या पोटातलं आधीचं एक राहिलं नव्हतं, हे ताटावर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडची नेहमीची नावं तिला का चालत नव्हती, तेही तिने सांगितलं. ती सगळी आधीच वापरात होती. बदलापूरला शिरगावात ते दोघं राहतात त्या बिल्डिंगखाली उभं राहून 'मायरा' अशी हाक मारली तर दोन-तीन गॅलऱ्यांतून ओ येते. आणि जुनी नावं घ्यायची तर ती सासूबाईंच्या मैत्रिणींची.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. शब्द दिसला की त्याचं मूळ उकरायची खोड मला तिथे लागली. त्यामुळे त्या रात्रीच मी नावाची चौकशी केली. मुलांच्या नावांची माहिती देणाऱ्या वेबसाइटी किती आहेत याची मला कल्पना नव्हती. प्रत्येकीवर तेच एक निळ्या डोळ्यांचं बाळ हसत होतं. एकीने मूळ लॅटिन दिलं होतं, दुसरीने संस्कृत, तिसरीने दोन्ही, म्हणजे भांडण नको. शुभ रंग दिला होता, शुभ वार दिला होता, या नावाच्या मुली 'नेतृत्वगुणी पण हळव्या' असतात असं दिलं होतं. लोकप्रियतेचा एक आलेखही होता. त्याची रेघ वर जात होती, पण कशाच्या वर, हे लिहिलेलं नव्हतं.

खरं मूळ शोधायला वेबसाइट लागतच नाही. व्हिटॅमिनमधलं 'व्हिटा' तेच. ज्या शास्त्रज्ञाने तो शब्द घडवला त्याला वाटलं होतं की ही द्रव्यं सगळी एकाच रासायनिक कुळातली आहेत. ती नव्हती. चूक कळली, पण तोवर शब्द रुळला होता. मराठीत त्याला 'जीवनसत्त्व' म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या कुणीतरी ते लॅटिन नीट उतरवून घेतलं. तोंडी परीक्षेची व्हायवा त्याच घरातली. हे मी भावाला फोन करून सांगितलं. तो इतका खूश झाला की बारशाच्या पडद्यावर दाखवायला मला चार ओळी लिहून मागितल्या. पडदा? मी विचारलं. तेव्हा कळलं की शिरगावात हॉल ठरला आहे, डेकोरेशनवाला ठरला आहे, नावाची अक्षरं फुग्यांची असणार आहेत आणि मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करणार तो क्षण ड्रोनवरून टिपला जाणार आहे. हॉलमध्ये ड्रोन कशाला, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा फक्त एवढीच भीती होती की पंखा लागेल.

ती आली ती फार लवकर आली.

उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, लहान बाळांचं एक हॉस्पिटल आहे. बदलापूरच्या डॉक्टरांनी तिकडेच पाठवलं. पहिल्या मजल्यावर एक बंद दार, दाराला बेल, दारासमोर बाकडी. आत काचेच्या पेट्या. तिला मी पहिल्यांदा भावाच्या मोबाइलवर पाहिलं. माणसाचं मूल एवढं लहान असू शकतं हे मला वाचून माहीत होतं, पाहून माहीत नव्हतं. कातडी पातळ, तिच्याखालचं सगळं दिसणारी. पेटीवर चिकटवलेल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे भावजयीचं नाव.

आत फक्त आईबापांना सोडत. आम्ही बाकीचे बाकड्यांवर. दार उघडायचं, सिस्टर बाहेर डोकावायच्या आणि म्हणायच्या, "बेबी ऑफ", आणि मग नाव यायच्या आधी एक एवढीशी जागा असायची. त्या जागेत बाकड्यांवरची सगळी माणसं एकच गोष्ट मनात म्हणत असत, की आमचं नको. नाव दुसऱ्याचं निघालं की सुटल्यासारखं व्हायचं, आणि ती दुसरी माणसं उठून जाताना आपण त्यांच्याकडे बघत नसू. असली प्रार्थना मी आयुष्यात कधी केली नव्हती. मी कसलीच केली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी भावाला सांगितलं की ती मधूनच श्वास घ्यायला विसरते. फार लवकर आलेल्या बाळांचं असं होतं, म्हणाले. यंत्र ओरडतं, सिस्टर जाऊन तळव्याला टिचकी मारतात, मग तिला आठवतं.

"विसरते म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे विसरते, आई," भाऊ म्हणाला. "अजून सवय नाही तिला."

त्यानंतर त्या दारातून यंत्राचा आवाज आला की मी स्वतः श्वास धरून बसायची. आवाज थांबला की सोडायची. आत अनेक पेट्या होत्या आणि अनेक यंत्रं. कुठलं कुणाचं ते बाहेरून कळत नसे, म्हणून सगळ्यांसाठी धरावा लागे.

शेजारच्या बाकड्यावर एक सिंधी आजी असायच्या. त्यांच्या मुलीला जुळे झाले होते, दोघेही आत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डब्यातला पराठा दिला होता आणि मी कोण, कुणाची, सगळं काढून घेतलं होतं.

"नाम क्या रखा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अजून नाही. बारसं व्हायचंय.

"हमारे में भी पुफी ही रखती है. मतलब तू." मग डबा बंद करत म्हणाल्या, "जल्दी रख. इतना सोचोगे ना तुम लोग, तो लड़की बड़ी होके खुद रख लेगी."

बड़ी होके. त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. मला ते दोन शब्द दिवसभर पुरले.

मग जंतुसंसर्ग झाला. दूध बंद केलं. जे काही थेंब नळीतून देत होते तेही बंद. घशात श्वासाची नळी घातली. डॉक्टर गोल बोलणारे नव्हते, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ते म्हणाले, औषध लागू पडलं तर कळेल, नाही पडलं तरी कळेल, थांबायचं.

तो बारावा दिवस होता. आमच्या कुणाच्या लक्षात नव्हतं. लक्षात होतं फक्त डेकोरेशनवाल्याच्या; बाळ झाल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं आणि त्याने दिवस मोजले होते. बारसं रद्द झाल्याचं भावाने हॉलवाल्याला कळवलं होतं, याला कळवायचं राहिलं होतं. दुपारी बाकड्यावर भावाचा फोन वाजला आणि समोरून आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "सर, नाव काय टाकायचं ते कन्फर्म करा ना. फुगे इंग्लिशमध्ये करू की मराठीत?"

"नंतर सांगतो," भाऊ म्हणाला. आणि फोन ठेवून तो जिन्याकडे गेला, तो बराच वेळ आला नाही.

भावजय भिंतीला डोकं टेकून बसली होती. ती तशीच म्हणाली, "ताई, आज बारावा आहे."

"हो."

"तुम्ही आत जा. नाव सांगून या तिला."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "घरी आली की करू ना सगळं नीट. पाळणा बांधून. अशी घाई करू नये."

"तिला टिचकी मारतात, आई," भावजय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पायाला. मी बघितलंय. आता तर नळीच आहे. पण नळी काढतील तेव्हा परत विसरली तर? कुणीतरी हाक मारायला नको? बेबी ऑफ म्हणून कसं कळणार तिला, ती कोण ते? ते तर माझं नाव आहे."

"हाक आपण मारूच. पण अजून थोडं थांबू या."

"कशासाठी थांबायचं?"

आईने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. कशासाठी ते मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे याची मला भीती वाटली. आमच्या घरात सोयर-सुतक काटेकोर पाळलं जायचं. नाव ठेवण्याआधी मूल गेलं तर सुतक आंघोळीपुरतं. नाव ठेवल्यावर गेलं तर ते माणूस गेलं असं धरतात आणि दिवस वाढतात. थांबायचं ते एवढ्यासाठी.

आणि हे फक्त आमचं नाही. जुन्या रोममध्येही मुलीचं नाव आठव्या दिवशी ठेवत, मुलाचं नवव्या. तोवर बघत, टिकतंय का. ठेवत तेही नाव तिचं असं नसे, बापाच्या कुळाचं नाव स्त्रीलिंगी करून लावत, दोन मुली असल्या तर थोरली आणि धाकटी. म्हणजे 'बेबी ऑफ' हे आमच्या विटापेक्षा जास्त लॅटिन होतं. ज्या भाषेतून भाऊ-भावजयीने जीवन आणलं होतं ती बोलणारे लोकही माझ्या आईसारखेच दाराबाहेर बसून थांबले होते. मी हे तिथे बोलले नाही. मला पहिल्यांदाच आपण वाचलेलं कुणाला सांगू नये असं वाटलं.

आई कशासाठी थांबतेय ते भावजयीला बहुधा कळलं. ती आईला म्हणाली, "तुम्हाला वाटतं नाव नसलं की मला कमी लागेल."

तेव्हा आई बोलली. तिने आमच्या दोघींकडे न बघता दाराकडे बघत बोलायला सुरुवात केली. "हिच्या आधी एक झाली होती मला. नऊ दिवस होती. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं नाव ठेवलं नव्हतं."

'हिच्या' म्हणजे माझ्या. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, घरातली थोरली म्हणून आयुष्यभर मिरवलेली, मला त्या बाकड्यावर कळलं की मी धाकटी आहे.

"मग?" भावजयीने विचारलं. "कमी लागलं?"

"नाही," आई म्हणाली. "बोलता नाही आलं कुणाशी, एवढंच. काय म्हणून बोलणार? ती, ती म्हणून किती बोलणार?"

शेजारच्या सिंधी आजींना मराठी किती कळत होतं कोण जाणे. त्यांनी आपली पिशवी उचलली आणि दोन बाकडी पलीकडे जाऊन बसल्या.

मग आई मला म्हणाली, "जा तू. काय ते नाव ठेव."

सिस्टर आधी नाहीच म्हणाल्या. आत्याला परवानगी नाही. मी सांगितलं, आज बारावा आहे. त्या मूळच्या केरळच्या, पण वाढलेल्या उल्हासनगरात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत पाहिलं, म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारते." परत आल्या तेव्हा हातात गाऊन होता. "दोन मिनिटं. हात कोपरापर्यंत धुवा. बांगड्या, घड्याळ काढा. आणि जोरात बोलायचं नाही, त्यांना आवाज सहन होत नाही."

"आमच्यात कुर्र करतात," मी म्हटलं.

"काय करतात?"

"काही नाही. हळू करीन."

मी साबणाने हात धुतले, परत धुतले. आत उष्ण होतं आणि औषधाचा वास होता. तिच्या पेटीपाशी गेल्यावर माझी हिंमत संपली. मोबाइलवर ती लहान दिसली होती. इथे ती लहान नव्हती, इथे ती जेमतेम होती. तोंडावर पट्टी, नळी, डोक्यावर कुणीतरी विणलेली टोपी तीही मोठी झालेली. छाती यंत्राने वरखाली होत होती. वरच्या पडद्यावर रेघा चालल्या होत्या आणि मला वाटत होतं की मी बघितलं तर त्या थांबतील, म्हणून मी बघितलं नाही.

पेटीला बाजूने हात घालायला गोल खिडक्या असतात. कानात सांगायचं तर तोंड त्यातून जात नाही. सिस्टरनी एक खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "इथूनच बोला. ऐकू जातं तिला."

मी वाकले. बारशाला आत्या वाकली की मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ते धपाटे मी लहानपणापासून पाहिले होते आणि मला तो प्रकार नेहमी गावंढळ वाटत आला होता. त्या क्षणी मला माझी पाठ फार मोकळी वाटली. एक जरी धपाटा बसला असता तरी चाललं असतं.

"कुर्र," मी म्हटलं. परत म्हटलं. आणि मग नाव सांगितलं. सांगताना मी चुकले असं म्हणता येईल, कारण मी 'व्हिटा' म्हणायचं ठरवलं होतं आणि निघालं तेच, ट्रकमधलं. मग विचार केला, आपल्या घरात येणार आहे तर आपल्या घरात जे म्हणणार आहेत तेच तिला माहीत असावं. म्हणून तेच परत म्हटलं. "विटा. तुझं नाव विटा. मी आत्या. बाहेर आई आहे तुझी, आजी आहे, बाबा जिन्यात आहे. श्वास घ्यायचा, विसरायचं नाही."

तिने काही केलं नाही. करेल असं मलाही वाटलं नव्हतं. सिस्टरनी पेटीवरच्या पट्टीशेजारी पेनाने लिहिण्यासाठी मला विचारलं, "कसं लिहायचं?" मी सांगितलं, तसंच.

बाहेर आल्यावर भावजयीने विचारलं, "सांगितलं?" मी मान हलवली.

आता सगळं बरं झालं असतं तर ही गोष्ट मला स्वतःलाच खरी वाटली नसती. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, तसंच आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तसंच आहे. नावामुळे एकच फरक पडला, आणि तो चांगला होता असं मी म्हणणार नाही. भीतीला आता पत्ता मिळाला. आधी मी 'ते बाळ' म्हणून घाबरत होते, आता विटा म्हणून घाबरत होते, आणि हे जास्त कठीण होतं. आईच्या सासूबाईंचं तेवढं बरोबर होतं.

पण बाकड्यावर बोलणं सुरू झालं. विटाचा रक्ताचा रिपोर्ट आला का. विटाला नवीन औषध लावलंय. सिंधी आजीही विचारायच्या, "वीटा कैसी है?" त्यांच्या तोंडी पहिला स्वर लांब होता, आणि मला वाटतं लॅटिनमध्येही तो तसाच होता. जिन्यातून परत आलेला भाऊ दिवसातून कितीदा तरी ते नाव विनाकारण उच्चारायचा. फुग्यांबद्दल कुणी बोललं नाही.

त्यानंतर एका सकाळी दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या, आणि त्यांनी 'बेबी ऑफ' म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "विटा."

मधली ती जागा नव्हती. दुसऱ्या कुणाचं निघेल अशी आशा करायला वेळच मिळाला नाही. भाऊ उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. भावजय उठलीच नाही. आईने माझा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, मनगटावर.

"विटाची आई कोण?" सिस्टर म्हणाल्या. "दूध काढून द्या. आज सुरू करायचंय."

भावजय त्यांच्याकडे बघत राहिली.

"दूध," सिस्टर परत म्हणाल्या. "थोडंच लागेल. नळीतून देणार. डॉक्टर म्हणाले, पचवते का बघू."

"विटाला?" भावजयीने विचारलं.

"विटालाच. उठा लवकर, आजच्या यादीत तिचं नाव आहे पहिलं."

आई तिला धरून पलीकडच्या खोलीत घेऊन गेली. इतक्या दिवसांच्या भीतीने दूध आटत आलं होतं. बराच वेळ दोघी आत होत्या आणि मला आईचं नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग भावजय बाहेर आली. वाटीच्या तळाला काय ते होतं, चमचाभरही नसेल. ती वाटी तिने दोन्ही हातांत धरली होती आणि सांडेल म्हणून ती अगदी हळू चालत दारापर्यंत गेली. हात मोकळा नव्हता, म्हणून तिने कोपराने बेल दाबली.